देवळाच्या भोंग्यावर पेडल

मंगळवार, पिंपळगाव रेणुकाई

उद्या देवीच्या गाण्यांना गिटार वाजवायचीय, म्हणून पायानं दाबून आवाज चढवायचं नवं पेडल तपासून राह्यल्तो. घरच्या छोट्या ॲम्प्लिफायरवर फरकच कळला न्हाई. जालन्यात मित्राच्या मोठ्या ॲम्पवर नुसतं खरखरलं. मंग आज देवळातल्या भोंग्याच्या ॲम्पला जोडलं. पेडल दाबलं, लाल दिवा लागला अन् सूर गोंधळातल्या संबळासारखा छातीत भरला.

पायरीवर बसलेली आई घुमायला लागली. तिच्या अंगात आजवर कधीच आलं नव्हतं! घाबरून परत दाबलं. लाल दिवा विझला, तारा दाबून धरल्या, भोंगा गप्प झाला. आई थांबेना.

आता शांत होऊन चहा पिऊन राह्यलीय. म्हणे, “उद्या तो लाल दिवा लावशील तव्हा माझा हात धरून ठेव.”

माझे दोन्ही हात तर गिटारीवर असतील.