गिरणीमागची गल्ली

यावल, फाल्गुन वद्य षष्ठी, १९५४

मारलं मी त्याला. बैल हाकायची पराणी घेऊनच जळगावच्या मोटारीत चढलो, म्हणजे मनात तेच असणार. सुका माझा सालदार, आखाजीच्या सणाला साल भरेपर्यंत बांधलेला. होळी झाली आणि आपल्या बायकोला घेऊन पळाला. इकडे मोट बंद, केळी वाळतायत.

गिरणीमागच्या गल्लीत सापडला. म्हटलं, "चल." तो म्हणाला, "नाही येत, आबा." तशी पराणी कपाळावर घातली. रक्त डोळ्यात उतरलं, तरी त्यानं हात उगारला नाही. का नाही उगारला?

आरडाओरडा ऐकून गल्ली बाहेर आली. बघतो तर सगळे आमच्याच गावचे! जळगाव किती वाढलं म्हणून लोक कौतुक करतात. वाढणारच. यातल्या कुणाला आम्ही विहिरीवरून झोडपून हाकललेलं, कुणाला खळ्यावरून. ते गेले कुठे, हे कुणी विचारलंच नव्हतं.

एकानं पराणी हिसकली आणि तिच्या टोकाची लोखंडी आर माझ्या बरगडीला लावली. बायका ओरडत होत्या, "खुपस रे!" एकाच्याही तोंडून 'आबा' निघालं नाही. आर सदऱ्यातून आत शिरली.

तेवढ्यात सुका मध्ये पडला. कपाळाला धोतराचा सोगा दाबून म्हणाला, "मारू नका रे आबाले. त्याईले एकल्यालेच गावाले जायाचं हाये."

आर पूर्ण घुसली असती तरी परवडलं असतं.

पराणी तिथंच राहिली. उद्या मोटेवर मलाच उभं राहायचंय.