ड्वेनला पुढची पत्रे

मी, वरद माधव गुळवणी, वय सव्वीस, राहणार नॉटिंगहॅम, डोके ठिकाणावर असताना व कोणी भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका. मला ते जमत नाही.

१. सायकल बहिणीला, ऋजुताला. ब्रेक नवे आहेत, तरी उतारावर जपून. बाकी सगळे आईला, अरुणा गुळवणी हिला. व्यवस्थाही तिनेच पाहावी.

२. तुरुंगावरच्या अमेरिकन कादंबऱ्या चॅरिटी शॉपला. अमेरिकन साहित्याची डिग्री मी दुसऱ्या वर्षी सोडली. या कादंबऱ्यांत कोणीतरी पळून जातो, सिनेमात तर हमखास. ड्वेन पळत नाही. तो अमेरिकेत जन्मठेप भोगतो, तुरुंगाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतो आणि त्याच कामाबद्दल गोष्टी लिहितो. निबंधासाठी मी त्याला पहिले पत्र टाकले. निबंध राहिला, पत्रे चालू राहिली. त्याला दुसरे कोणी लिहीत नाही.

३. त्याच्या गोष्टी मी टाइप करतो. त्या त्याच्याच मालकीच्या. पण कागद जपणारा आणि त्याला लिहिणारा माणूस हवा. ऋजुता म्हणाली, "दादा, शिक्षा त्याला झालीये, तुला नाही." हे मी विसरलेलो नाही, म्हणून हे काम तिच्यावर टाकत नाही. आईने मागे दिवाळीच्या पत्राला हळदकुंकू लावले होते. तिथे ती पावडर संशयास्पद ठरली आणि ड्वेनला एकांत कोठडीत टाकले. त्याने तिला दोष दिला नाही. तरी ती म्हणते, "नको रे, पुन्हा माझा हात लागायला नको."

४. मित्र मिहीर आज साक्षीदार म्हणून आला. साक्षीदाराला काही देता येत नाही, हे मी त्याला आधीच सांगितले.

"म्हणजे सही केली की सायकल गेली?"

"सायकल ऋजुताची आहे."

मग त्याने तिसरे कलम वाचले आणि पेन खाली ठेवले. "मी सही करत नाही. ते कागद मला दे."

"तू कधी काही लिहिलंयस?"

"बोलतो ना भरपूर. तेच लिहीन."

म्हणून गोष्टींचे कागद आणि ड्वेनचा पत्ता मिहीरला. मिहीर, पहिल्याच पत्रात मी गेल्याचे सांगावे लागेल. ते शेवटी सांग. आधी तुझे सगळे सांग, म्हणजे पत्रे येत राहणार हे त्याला कळेल.

दोन्ही साक्षीदारांसमोर, एकाच वेळी, सही केली.

वरद माधव गुळवणी
नॉटिंगहॅम, १४ मार्च २०२५

साक्षीदार: पद्माकर देवस्थळी, नीना देवस्थळी
(वरच्या मजल्यावरचे शेजारी. यांना चहाखेरीज काहीही दिलेले नाही.)