खाडीला आमंत्रण

प्रिय आये,

तू गेल्यावर तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू होतीस तोवर जिने तुझं एक गाणंही लिहून घेतलं नाही, तिने आता कागद काळे करून काय मिळवायचं? पण परवा काकीच्या हिराचं लग्न आहे. काल मधल्या सुट्टीत काकी हळद घ्यायला म्हणून पनवेलच्या बाजारात आली आणि तशीच माझ्या शाळेत येऊन उभी राहिली. म्हणाली, "वेणू, लग्नाचा धवला तूच म्हन. तुझ्या आयेमागं गावात धवलारीण उरली नाय."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला भीती वाटते आहे, आये.

गाण्याची नव्हे. उघाडीची. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या त्या दाराची फळी पुन्हा कुजली आहे. आज सकाळी जाऊन पाहिलं. ओहोटी होती, तरी बांधाच्या आतल्या अंगाची माती ओली. खेकड्यांनी आतल्या बाजूला बिळं केलीत. "खेकडा घर बदलतो तवा मानसानं निजू नये," असं तूच म्हणायचीस ना? मिठागराच्या कडेच्या वाफ्यांतलं मीठ चार दिवस झाले, सुकतच नाही. वैशाखाचं ऊन, आणि मीठ सुकत नाही! लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पौर्णिमा आहे. म्हणजे उधाण.

मी काय केलं असेल, सांग? लगोलग सरकारकडे अर्ज लिहिला. पदवी घेतलेली मुलगी दुसरं काय करणार! देवळासमोर सगळ्यांना जमवून वाचून दाखवला. "सदरहू बांधाची अवस्था अत्यंत शोचनीय असून..." माणसं शांतपणे ऐकत होती. मी शाईची गादी पुढे केली, तर एकही अंगठा पुढे आला नाही. धर्मादादा तेवढा बोलला, "बाय, कागूद मालकाच्या हातात जानार. मंग उद्या आमाला मिठागरावर कोन उभं करील?" आणि मिठागराचा गणू मुकादम पिंपळाखालून हसत म्हणाला, "मास्तरीण, फळीची काळजी आमी करू. तुमी पोरांचं शुद्धलेखन बघा."

नवं राज्य झालं तेव्हा शाळेत आम्ही पेढे वाटले होते गं. उघाडीपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

देवळाहून परतताना मला सारखी तुझी आठवण येत होती. बा गेला त्याच्या पुढच्या वर्षीची. मुकादमाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात तू धवला म्हणायला बसलीस. आपल्यात लग्न लावायचं ते धवलारणीनं, आणि तिचं गाणं चालू असेपर्यंत मांडवातून उठायचं नाही, गाणं तोडायचं नाही. तोडलं तर नवरीचा संसार तुटतो म्हणतात. तू नेहमीसारखी एकेकाला लग्नाचं आमंत्रण देत गेलीस. गावदेवीला, डोंगराला, विहिरीला. आणि मग तुझा सूर खाली उतरला.

"खाडीबाये, लग्नाला ये गो,
हाक मारून पुढल्या दारानं ये.
माझ्या घरी आलीस मागल्या दारानं,
कुंकू माझं पुसून गेलीस.
खाडीबाये, वाट कोनी दावली?
कुजली फळी कोनी ठेवली?"

बांध फुटला तेव्हा खांड बुजवताना बा वाहून गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फळी कुजली आहे हे त्याने मुकादमाला तीनदा सांगितलं होतं, हेही ठाऊक होतं. पण ते मोठ्याने कोणी म्हटलं नव्हतं. मुकादम समोरच बसलेला. उठता येईना, ओरडता येईना. लेकीचं लग्न! तुझं संपल्यावर त्याने मूठ उघडली तेव्हा अक्षता घामाने चिंब होत्या.

आणि मी? मी बायकांच्या मागे तोंड लपवून बसले होते. वाटत होतं, आपलं दुःख हिने असं चारचौघांत का मांडावं? लग्नात का रडावं?

आठ दिवसांत नवी फळी बसली. त्यानंतर तुला मात्र कोणी लग्नाला बोलावलं नाही. या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडल्या, आये, आणि मला एकीचा दुसरीशी संबंध लागला नाही!

कॉलेजात असताना सुट्टीत आले होते, तो दिवस आठवतो? कवींवर निबंध लिहिला होता, मोठ्या हौसेने तुला वाचून दाखवला. पानाच्या मधोमध रेघ मारून मी दोन रकाने केले होते. एकीकडे स्वतःच्या सुखदुःखाचे कवी, दुसरीकडे समाजाच्या लढ्याचे कवी. आणि तुझ्यासारखीची गाणी? ती मी पहिल्या रकान्यात, अगदी तळाशी, एका ओळीत टाकली होती. "घरगुती भावनांची" म्हणून.

तू मासळी साफ करत होतीस. मान वर न करता विचारलंस, "तुझा बा माझा नवरा व्हता, नि बांधावरचा मानूस बी व्हता. तो मेला त मी कंच्या रकान्यात रडायचं गो?"

मी हसले. तुला निबंधातलं काय कळणार, म्हणून हसले. गुरुजींनी त्या निबंधाला शाबासकी दिली. आज तो कुठे आहे कोण जाणे. तुझा प्रश्न तेवढा राहिला.

पण एक राग माझाही आहे, सांगू? तू मला का नाही सांगितलंस, की ते रडणं नव्हतं नुसतं? की तू ती ओळ महिनाभर चुलीपाशी पुटपुटत, घासून घासून तयार केली होतीस, हे काकीने मला तू गेल्यावर सांगावं? गावाने तुला मांडवाबाहेर ठेवलं आणि तू गेल्या माघात तापाने जाईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. इतकं गप्प राहायचं असतं का गं?

आता माझी अडचण ऐक. हिराचा नवरा मुकादमाचा पुतण्या. मुकादम पहिल्या रांगेत असणार. काकीने कालच बजावलंय, "हळदीचं म्हन, बाशिंगाचं म्हन. खाडीचं नको, बाये. माझ्या पोरीला तिथं नांदायचंय." तिचं काय चुकलं? तुझ्या ओळीची किंमत तू मोजलीस. माझ्या ओळीची हिराने मोजली तर?

म्हणून आज दुपारी हिरालाच विचारलं. अंगाला हळद लागलेली, पायावर पाय टाकून कैरी खात बसली होती.

"म्हन ना," ती म्हणाली.

"अगं, तुझी सासू आयुष्यभर टोमणे मारील."

"मारू दे. टोमन्यानं मानूस बुडत नाय." मग कैरी खाली ठेवली. "ताई, सासरचं घर बघितलंस कुठं हाय? बांधाच्या अगदी बुडाशी. पुनवेला मी तिथं निजलेली असेन."

मी तशीच उठून घरी आले.

तेव्हापासून पडवीत बसून गळा साफ करते आहे. माझा आवाज तुझ्यासारखा नाही, वरच्या सुरावर फाटतो. मघाशी घसा सुकला म्हणून तांब्यातलं पाणी प्यायले. आपल्याच विहिरीचं. आये, ते खारट लागलं. परवा लागत नव्हतं.

अर्जात मी स्वतःला कुठेच ठेवलं नव्हतं. तू नाही, बा नाही, हिरा नाही. सगळं "सदरहू". म्हणून तो कोणाचाच झाला नाही. आज तुझ्या सहा ओळींच्या खाली माझ्या दोन लिहिल्या आहेत. तुला आधी ऐकवते.

"खाडीबाये, पुनवेला थांब गो,
नवी नवरी तुझ्या उशाशी निजलीय."

वचन देते. परवा तुझ्या जागी बसेन. आवाज फाटला तरी गाणं तोडणार नाही. अक्षता मुकादमाच्या मुठीत असतील तोवर आठही ओळी म्हणेन, आणि धवला संपला की मांडवातून कोणी उठायच्या आत तो अर्ज नि शाईची गादी पुढे ठेवीन. पहिला अंगठा मी उमटवणार आहे. सही येत असूनही, तुझ्यासारखा अंगठा.

नंतर मला कोणी कुठल्या लग्नाला बोलावलं नाही तरी चालेल. फक्त फळी पौर्णिमेच्या आधी बसू दे.

तुझं ऐकून न ऐकलेली,
वेणू