तेवीस नंबरचा बिल्ला

रविवार, ४ फेब्रुवारी

आजपासून मी क्लबचा मानद सेक्रेटरी. मानद म्हणजे काम सगळं आणि पगार शून्य, असा खुलासा हिने घरी आल्याआल्या केला. सभेत ‘सेक्रेटरी कोण होणार?’ असं विचारल्यावर सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. या गावात येऊन मला जेमतेम दोन महिने झालेत, बुटांकडे बघायचं असतं हे मला कुठून माहीत असणार? मी समोर बघत राहिलो आणि बकरा सापडला.

पण खरं सांगायचं तर मी खूश आहे. एकतीस वर्षं कापडगिरणीचं भांडार सांभाळलं, निवृत्तीनंतर घरातले डबे क्रमाने लावून झाले, आता पुढे काय? इथे एक पत्र्याची शेड आहे, चहाची किटली आहे, तीसेक सभासद आहेत. समोर मोकळं माळरान. बंदूकवाले ओळीत उभे राहतात, त्यांच्या पुढ्यात जमिनीत अर्धा गाडलेला काँक्रीटचा खड्डा आहे आणि त्यात फेकयंत्र. उभा असलेला ‘पुल’ म्हणाला की यंत्राचा लोखंडी हात फिरतो, बशीएवढी मातीची नारिंगी तबकडी सुसाट बाहेर पडते आणि ती हवेतच फोडायची. लागली तर धुरळा, नाही लागली तर शेजारच्याचं हसू.

पगारी माणूस कुणीच नाही. तबकड्या भरायला पाळीपाळीने सभासदच खाली उतरतात. त्यासाठी एक नियम आहे आणि तो मला फार आवडला. प्रत्येकाला नंबर कोरलेला पितळी बिल्ला. खड्ड्यात उतरताना तो दाराशेजारच्या लाल पाटीवर टांगायचा. पाटीवर बिल्ला आहे तोवर आत माणूस आहे आणि सगळ्या बंदुका रिकाम्या. वर आलं की आपला बिल्ला आपणच काढायचा, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. मला बावीस नंबर मिळाला. हिनेही हौसेने नाव घातलं, तिला तेवीस.

बुधवार, ७ फेब्रुवारी

क्लबला दोन मैदानं आहेत हे आज कळलं. दुसरं शेडच्या मागे, गुडघाभर गवतात. पंचवीस तारखेला सहा क्लबांच्या स्पर्धा आपल्याकडे आहेत आणि हे लोक एकाच मैदानावर त्या उरकणार होते. दुसरं मैदान बंद का, तर कुणी म्हणे यंत्र बिघडलंय, कुणी म्हणे पाणी साचतं. पाहिलं तर यंत्र धडधाकट आणि खड्डा ठणठणीत कोरडा.

तिथल्या लाल पाटीवर एक बिल्ला तसाच राहिलाय. काळा पडलेला, नऊ नंबर. रजिस्टरात नऊसमोर नाव नाही. बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री क्लबात सर्वांत जुना, त्याला विचारलं. तो म्हणाला की साहेब, त्या बाजूला लक्षच देऊ नका. लक्ष देऊ नका म्हटलं की माझे हात शिवशिवतात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

दोन नंबर मैदान तयार झालं. गवत कापलं, यंत्राला तेल दिलं, खड्ड्यापासून नेमबाजांच्या रेषेपर्यंत बोलायचा जुना फोन आहे तोही चालू केला. खड्ड्याला दार एकच, पाच पायऱ्या उतरून जायचं. आत एक स्टूल आणि तबकड्यांच्या खोक्यांची थप्पी, बाकी काही नाही. कोपरानकोपरा झाडला.

नऊ नंबर पाटीवरून काढला, घासूनपुसून चकचकीत केला आणि शेडमध्ये बाकीच्या बिल्ल्यांच्या रांगेत लावला. आत कुणी नसताना बिल्ला टांगलेला ठेवायचा म्हणजे नियमाची थट्टाच. नियमच सांगतो की दुसऱ्याचा काढू नये, हे हिने लक्षात आणून दिलं. मी म्हटलं, ज्याचा कुणी मालकच नाही तो दुसऱ्याचा कसा? वाद घालण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही, असं म्हणून ती चहा ठेवायला गेली.

रविवार, ११ फेब्रुवारी

आज एक जुने सभासद आले. शिडशिडीत, साठीच्या आतले, अंगात तपकिरी जाकीट. सरळ शेडमध्ये शिरले, रांगेतला नऊ नंबर उचलला आणि रेषेवर जाऊन उभे राहिले. पंचवीसपैकी पंचवीस तबकड्या फोडल्या, तेही डोळ्याची पापणी न लवता. मी ओळख करून घ्यायला गेलो तर हसले फक्त. त्यांना मास्तर म्हणतात, कारण ते चित्रकला शिकवायचे.

नवल याचं की दुसरं कुणीच त्यांच्याशी बोललं नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई आपला डाव अर्धा टाकून घरी गेल्या. मिस्त्रीच्या हातातला कप पडून फुटला. जुनं भांडण असावं. मला मात्र बरं वाटलं, एक माणूस परत आला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मिस्त्री घरी आला होता. ही भाजी आणायला बाहेर गेलेली, तेच बरं झालं.

त्याने सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी मास्तर तबकड्या भरायला दोन नंबरच्या खड्ड्यात उतरले. बिल्ला टांगला. सगळे बंदुका रिकाम्या करून थांबले. अर्धा तास झाला तरी वर येईनात म्हणून मिस्त्री स्वतः खाली गेला. आत कुणी नव्हतं. दार एकच, दारासमोर सात माणसं उभी, कुणी बाहेर आलेलं नाही. पोलीस झाले, खणून झालं. त्यांची बायको वर्षभर दर रविवारी यायची आणि पाटीवर बिल्ला आहे ना ते बघून जायची. आहे म्हणजे माणूस आत आहे, असं तिचं म्हणणं. म्हणून कुणी तो काढला नाही.

रविवारी मास्तर त्याच जाकिटात आले. वय एका दिवसाने वाढलेलं नाही. घरी गेले तेव्हा बायकोने दार उघडलं, एकदा नीट बघितलं आणि दार लावून घेतलं. मी विचारलं, असं का? मिस्त्री म्हणाला की साहेब, मास्तर उजव्या खांद्याचे होते. परवा ते डाव्या खांद्यावरून मारत होते, आणि कपाळावरची खूण या बाजूची त्या बाजूला गेलीय.

मी हसण्यावारी नेलं. मिस्त्री गेल्यावर मात्र दोन नंबरसाठी कुलूप शोधून ठेवलं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

दोन नंबरच्या खड्ड्याला कुलूप घातलं. स्पर्धा एकाच मैदानावर. हिला कारण सांगितलं नाही. उगाच घाबरेल, आणि त्याहून वाईट म्हणजे हसेल.

शनिवार, १७ फेब्रुवारी

लिहून काढतो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

मी मंडप बघायला गेलो होतो. दुपारी साडेबाराला शेडमध्ये आलो तर किल्ल्यांच्या फळीवर दोन नंबरची किल्ली नव्हती. मीच तिला ठळक अक्षरांत चिठ्ठी लावून ठेवली होती. धावत मागे गेलो. दार सताड उघडं आणि लाल पाटीवर तेवीस नंबर.

मला मदत म्हणून ही एकटीच तबकड्या भरायला उतरली होती. मी हाका मारल्या. पायऱ्यांवरून आत पाहिलं. स्टूल, खोकी. कोणी नाही. चष्मा विसरते, किल्ल्या विसरते, तशी वर येऊन बिल्ला काढायला विसरली असेल, असं मनाला सांगितलं. पण खरं ते नाही. खरं हे की त्या खिळ्यावर तिचा नंबर मला बघवेना. एक क्षणही बघवेना. मी तो ओढून काढला.

आणि ती माझ्या मागे, पायऱ्या चढून वर आली. आत कोपऱ्यात होते, म्हणाली. मी तिला घट्ट धरलं. अंग गार होतं, पण खड्ड्यात गारवा असतोच.

रविवार, १८ फेब्रुवारी

सकाळी तिने चहा डाव्या हाताने ढवळला.

हिच्या डाव्या गालावर तीळ आहे. छत्तीस वर्षं मी त्या तिळाकडे बघत जेवलोय. आज तो उजव्या गालावर आहे.

आरशात बघत असेन मी. नाहीतर उजवं-डावं विसरलो असेन. लग्नाचा फोटो काढून पाहिला. विसरलो नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी

दोन दिवसांत मला एकदाही टोमणा मारला नाही. मी मुद्दाम साखरेचा डबा उलटा ठेवला, ओला टॉवेल पलंगावर टाकला. काही नाही. हसते फक्त.

दुपारी मास्तर घरी आले. दोघं समोरासमोर खुर्चीत बसली. तासभर. एक शब्द नाही. मी स्वयंपाकघरात उभा होतो, मला बाहेर यायची हिंमत झाली नाही.

ती बिल्ला गळ्यात घालते आता. दोऱ्यात ओवून.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सकाळी क्लबवर गेलो. मिस्त्री आणि मी, दोघंच. दोन नंबरच्या रेषेवरचा फोन वाजत होता. खड्ड्यात कोणी नाही, दाराला कुलूप, आणि फोन वाजतोय.

उचलला. ही होती. माझी. म्हणाली की अहो, किती वेळ लावताय, इथलं दार कुठं गेलं, आणि स्वेटर न घालता बाहेर पडलात ना, मला माहितीय. तिला वाटतंय आत्ताच उतरली. दहा मिनिटं झाली असतील, म्हणते.

मी रिसीव्हर कानाला लावून रडलो. मिस्त्रीनेही ऐकलं. कुलूप काढून आत गेलो तर स्टूल आणि खोकी.

मी काढला ना तो बिल्ला. तिने काढायचा होता. दुसऱ्याने काढला की आतला आतच राहतो आणि बाहेर येतं ते—

मी केलं हे. माझ्या हाताने.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

मिस्त्रीशी ठरलं. तेवीस पुन्हा त्या खिळ्यावर जायला हवा. मग मी माझा टांगून उतरायचं, म्हणजे मीही तिच्यासारखा खरोखरचा आत. तिला शोधायची, दारापर्यंत आणायची, तिचा तिने काढायचा, माझा मी. मिस्त्री पाटीपाशी उभा राहणार, कुणाला हात लावू देणार नाही.

पण बिल्ला गळ्यातून निघत नाही. झोपतानाही नाही. ती झोपतच नाही.

स्पर्धा रद्द म्हणून सहाही क्लबांना कळवलं. ते म्हणतात, मास्तरांचा फोन आला होता, ठरल्याप्रमाणे आहे म्हणून. दोन्ही मैदानांवर.

रविवार, २५ फेब्रुवारी

सकाळी सात. आंघोळीला गेली तेव्हा दोरा खुंटीवर होता. घेऊन पळालो. तेवीस टांगला. बावीस टांगला. मिस्त्री पाटीला पाठ लावून उभा आहे. वही खिशात आहे. उतरतो.

—

सापडली.

पाच पायऱ्या नाहीत इथे. मोजायच्या सोडून दिल्या मी. खाली तेच स्टूल, त्यावर ही, तबकड्या रचतेय. डाव्या गालावर तीळ. मला म्हणाली, एवढं घाबरायला काय झालं, भूत बघितल्यासारखं. तिला काही सांगितलं नाही. हात धरलाय. उजव्या हाताने लिहितोय, डाव्यात तिचा हात.

—

पायऱ्या चढतोय. दार दिसतं वर, उजेडाचा चौकोन. जवळ येत नाही. ही दमलीय. खाली बघतो तर स्टूल दोन हातांवरच. बसलो.

वर गाड्या आल्याचा आवाज. माणसं. पाहुणे क्लब.

कोपऱ्यात कोणी आहे. जाकीट तपकिरी. डोकं गुडघ्यात घालून. मला विचारतोय, माझी बायको येते का अजून रविवारी. मी हो म्हटलं.

—

वर मिस्त्रीचा आवाज. नाही म्हणतोय, ठाम. कुणालातरी वहिनी म्हणतोय. वहिनी मागे व्हा. मग मास्तर, ते वरचे. मग झटापट—

खण् झालं, बिल्ला पडल्यासारखं. एकदा.

चौकोन गेला. उजेड नाही. पेन्सिल चाचपडत—

ही विचारतेय दार कुणी लावलं.

यंत्र सुरू झालंय. हात मागे जाताना ऐकू येतोय, वंगणाचा वास येतोय, ते मीच घातलं होतं. तिला भिंतीशी ओढलं. मी पुढे बसलोय. तिला लागणार नाही.

फोन वाजतोय. तिने उचलला आणि हसली. म्हणाली, अहो, तुम्ही तर इथे आहात. मला दिला. पलीकडे मी बोलत होतो. माझ्यासारखाच आधी खाकरून. शांतपणे. दोन नंबरला आत कुणी नाही, बंदुका भरा.

मी ओरडलो. पलीकडचा हसला फक्त.

हिचा हात गार पडलाय, पण हा तिचाच. ती विचारतेय की वर कोण बोलत होतं, आवाज ओळखीचा वाटतो. तिला काय सां