आमदार पुरात अडकले

बाबा,

उमेदवारी मलाच मिळाली आहे. काल दुपारी जिल्हाध्यक्षांनी फोन करून सांगितलं. त्यांच्या एकट्याच्या शब्दावर मी कधी बातमी छापली नव्हती, म्हणून सवयीने मुंबईला प्रदेश कार्यालयातही विचारून घेतलं. तेवढ्यानेही चैन पडेना, तेव्हा समोरच्या पक्षाच्या उमेदवारालाच फोन लावला. तो हसला. "पक्की हाये ताई. अभिनंदन. पाडतो बरं तुमाले," म्हणाला. इतका खात्रीचा दुजोरा मला पत्रकारितेत क्वचितच कुणी दिला असेल.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. सकाळी चंद्रपूरहून आलापल्लीच्या घरी आले, तर घरापुढच्या छपरीत माणसं आधीच येऊन बसलेली. कुणाच्या मुलाची वसतिगृहातली जागा, कुणाचा वनहक्काचा दावा. मी अजून कुणीच नाही, हे त्यांना सांगून झालं. ते मान डोलावतात आणि बसून राहतात. आई त्यांना आतूनच ओरडून सांगते, "बसा जी, चाय होऊन राह्यला." मी चुलीपाशी जाते, काही न करता परत येते, फोन बघते, पुन्हा आत जाते. आई शेवटी म्हणाली, "तुझ्या बापाचं बी असंच होतं. तिकीट भेटलं का अन्न गोड नाई लागे. बस एका जागी, नाई तं त्यायले वाटंल का पोरगी आत्ताच पडली." म्हणून मी मागच्या खोलीत तुमच्या खाटेवर बसून हे लिहिते आहे. कुठे पाठवायचं नाही, छापायचं तर नाहीच.

अडचण एका वाक्याची आहे. परवा भामरागडला माझी पहिली सभा आहे, आणि तिथे काय बोलायचं ते जिल्हाध्यक्षांनी लिहूनच पाठवलं आहे. त्यात तुमच्यावर एक परिच्छेद आहे. दोनदा निवडून आलेले, अंगावर खादीचा एकच जोड, तेंदूपत्त्याच्या मजुरीसाठी भांडणारे, हे सगळं ठीक. पुढचं वाक्य असं आहे: विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी भाऊ पुरात अडकले होते, तरी विरोधकांनी त्यांना बदनाम केलं.

तो ठराव आला तेव्हा मी कॉलेजात होते. सरकार काठावर होतं, दोन्हीकडून तुम्हाला बोलावणी येत होती, घराबाहेर रोज अनोळखी जीप उभी असायची. एके सकाळी तुम्ही पिशवीत एक धोतर टाकलंत आणि भामरागडच्या पलीकडच्या एका गावी निघून गेलात. पहिल्या निवडणुकीत तुमच्यासोबत जंगलातून पायी फिरलेला तुमचा मित्र वारला होता, त्याच्या नावाचा दगड उभा करायचा होता. आपल्यात त्याला जावंच लागतं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग नदी चढली, पूल पाण्याखाली गेला, आणि मुंबईत तुमच्याशिवाय मतदान झालं. सरकार टिकलं. तुमच्या एका मताने तसंही काही बदललं नसतं. पण पाणी उतरून तुम्ही घरी पोचण्याआधीच लोकांनी ठरवून टाकलं होतं की तुम्ही गैरहजेरी विकलीत.

आईने ते बाजारात ऐकलं. ती वांगी निवडत होती, आणि शेजारच्या पालावरून कुणी तरी मोठ्याने विचारलं, "काऊन बाई, पुराचा भाव काय लागला औंदा?" लोक हसले. आईने वांगी टोपलीत परत ठेवली आणि घरी आली. त्यानंतर बरेच दिवस बाजार मीच केला. पुढच्या निवडणुकीत तुमचं तिकीट कापलं गेलं. अपक्ष म्हणून उभे राहिलात, तेव्हा प्रचाराला जीपही मिळाली नाही आणि अनामतही राहिली नाही. संध्याकाळी अंगणात बसून जाळं विणायचात, जणू आयुष्यभर तेच काम केलं होतं.

मी नुकती पेपरात लागले होते. संपादकांनी सांगितलं, घरातच बातमी आहे, विचारून ये. मी आले आणि उभ्या उभ्या विचारलं, "बाबा, तुम्ही तिथे मुद्दाम गेले होते का?" तुम्ही जाळ्यातून मान वर न करता म्हणालात, "लेक म्हणून विचारतं का पेपरवाली म्हणून?" मी नवी होते, ताठ होते. म्हटलं, पेपरवाली म्हणून. "मंग बाहेर बस. तुझ्या आधी दोघं हायेत." आणि मी खरंच छपरीत जाऊन बसले. आमदारकी गेलेल्या माणसाकडे अजूनही दोघं जण कामं घेऊन आले होते! त्यातल्या एकाने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "तुमचं काय काम हाये बाई?" माझी पाळी आली तेव्हा तुम्ही मला बसायला पाट दिलात, आईला चहा सांगितलात, आणि बाकी सगळ्या पेपरवाल्यांना दिलं होतं तेच उत्तर दिलंत. "पूर आला होता." मी ते तुमच्या नावाने जसंच्या तसं छापलं. मथळा संपादकांनी दिला: आमदार पुरात अडकले.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्या नदीवरच्या नव्या उंच पुलाचे खांब उभे राहू लागले. दर अधिवेशनात तुम्ही ज्या पुलाचा प्रश्न विचारायचात, तोच हा. बातमीसाठी गेले होते, म्हणून पुढे त्या गावापर्यंतही गेले. तुमच्या मित्राची बायको अजून आहे. दात गेलेत, आवाज खणखणीत. अर्धं माडियात, अर्धं मराठीत बोलते. मी कोण ते सांगितल्यावर तिने माझा हात धरून मला दगडापाशी नेलं, आणि तुमची आठवण काढून खो खो हसायला लागली.

"अडकला? कोन अडकला?" ती म्हणाली. "आमी सकाळीच म्हनलो त्याले, पानी चढून राह्यलं, निंघ. तो म्हने, जेवल्याबिगर जात नाई. जेवला, मंग झोपला. दुसऱ्या दिशी पोलीस आला ना डोंग्यात बसून! म्हने, मुंबईहून वायरलेस आला, आमदारसाहेबाले घेऊन जातो. तुझा बाप घरामागं बसला होता. तिथूनच म्हने, सांगजो का भेटला नाई म्हून."

"मग पोलीस काय म्हणाला?"

"तो काय म्हनंल? त्यानंबी मासे खाल्ले अन् गेला."

म्हणजे डोंगा होता. तुम्ही येऊ शकत होता. पैशासाठी राहिला नव्हतात आणि पुरामुळेही राहिला नव्हतात. दोन्ही बाजूंना नाही म्हणायचं होतं आणि तोंडाने म्हणायचं नव्हतं, म्हणून नदीला मध्ये घातलंत. मला राग आला, बाबा. आईने बाजारात मान खाली घातली ती तुम्ही त्या घरामागे लपून बसलात म्हणून. मी ते बाईला बोलूनही दाखवलं. ती हसायची थांबली. म्हणाली, पाणी उतरेपर्यंत तुम्ही तिथेच होता. त्यात एका रात्री एक बाळंतीण अडली, तिला खाटेवर घालून डोंग्यापर्यंत न्यायचं होतं, आणि पुढचा खांदा तुमचा होता. "ते बाई वाचली. लेकरू नाई वाचलं. पावसात आमच्या इथी काय होते, ते पाह्यलेला येकच आमदार तो. त्याच्या अगोदर कोनी नाई, अन् मागून बी कोनी नाई." मग माझ्याकडे निरखून पाहून म्हणाली, "तुले त्यानं सांगतलं नाई काऊन?"

मी आईला हे तेव्हाच सांगितलं होतं. तिला ते ठाऊक होतं. पुरातून परतल्यावर पहिल्याच रात्री तुम्ही तिला सगळं सांगितलं होतं म्हणे. माझ्यापासून का लपवलंत, हे विचारल्यावर ती म्हणाली, "तू छापलं असतं." ते खरं आहे. आज सकाळी मी जिल्हाध्यक्षांचं भाषण तिला वाचून दाखवलं. त्या वाक्यापाशी तिने हात वर केला. "उभी राय का नको राहू, तुझी मर्जी. पन तिथी जाऊन हे नको बोलू. तिथचे लोक हसतीन." आणि वर म्हणाली, "मी एकदा हसू अंगावर घेतलं. आता नाई घेत."

मी जिल्हाध्यक्षांना फोन केला, वाक्य काढते म्हटलं. ते वैतागले. "ताई, पूर सगळ्यायले समजते. तुमचं खरं सांगाले अर्धा घंटा लागते अन् त्यातून निघते का भाऊ लपून बसले. विरोधक तेच धरून बसतीन." माणूस हुशार आहे. बाकीच्या साऱ्या मतदारसंघात त्यांचंच वाक्य चालेल. फक्त त्या एका गावात चालणार नाही, आणि त्या गावाची मतं मोजायला दोन्ही हातांची बोटंही जास्त होतील असं ते म्हणाले.

आयुष्यभर मी इतरांच्या मजकुरातली खोटी वाक्यं कापत आले. त्यासाठी मला कधी दोन मिनिटंही लागली नाहीत. तुमच्या खाटेवर बसून दुपारभर मी हा कागद धरून आहे. मी सगळ्यांना सांगते आहे की मला हे नको होतं, पक्षाने आग्रह केला, लोकांनी गळ घातली. ते तसं नाही. मला निवडून यायचंय, बाबा. फार यायचंय. छपरीतली माणसं माझ्यासाठी बसली आहेत, हे मला आवडतंय. आणि ते वाक्य मी अजून खोडलेलं नाही.

अर्ज उद्या अकरा वाजता भरायचा आहे. आई सोबत येणार आहे. परवा दुपारी भामरागडची सभा. तुमच्या मित्राची बायको अजून अर्धवटच असलेल्या नव्या पुलाशेजारून, डोंग्यातून येणार आणि पहिल्या रांगेत बसणार, असा तिच्या नातवाचा आत्ताच निरोप आला.