बर्फखान्यातला शनिवार

बैरूत, ३ सप्टेंबर

ती. नजीबाआत्यास,
लमीसचा सा. न. आणि दोन्ही गालांवर एकेक पापा. वि. वि.

अबू वजदीच्या व्हॅनमधून हे पत्र येतंय. सोबत कॉफीची पुडी आहे, ती त्याच्याकडून मोजून घे, वाटेत तो चिमूटभर काढतो. फोन का केला नाहीस म्हणून रागावू नकोस. अल-मीनात फोनवर दोन वाक्यं झाली की आवाज जातो, आणि बाबा तर माझा फोन उचलतच नाहीत.

बातमी अशी की शनिवारी, २० तारखेला, संध्याकाळी सहा वाजता आपल्या गल्लीतल्या बर्फखान्यात चार बँड वाजवणार आहेत. कोळ्यांना बर्फ पुरवणं बंद झाल्यापासून ती जागा धूळ खात पडली होती. आता ती नकूलाच्या हातात आहे, त्याने झाडून, चुना लावून उभी केली आहे. शेवटचा बँड आमचा, ‘ओली काडेपेटी’. नावाला हसू नकोस. मी बास गिटार वाजवते. तीच ती, जाड तारांची, जिच्यातून सूर कमी आणि धडधड जास्त येते असं तू म्हणतेस.

बाबांचं काय करू? हिवाळ्यात आमची पाच गाणी त्यांच्या फोनवर पाठवली. ईदला समोर बसून विचारलं, कशी वाटली. त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात अजून भात वाढला. आत्या, त्यांना माझी लाज वाटते, दुसरं काय असणार? लाजू देत. बैरूतमध्ये पुष्कळ वाजवून झालं, आता त्यांच्या दारात वाजवणार. नसेल ऐकायचं तर कानात बोळे घालून बसा म्हणावं.

लोभ आहेच, तो त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेला दिसू दे.
तुझी,
लमीस

अल-मीना, ९ सप्टेंबर

चि. लमीस हिस,
आत्याचे अ. उ. आ.

कॉफी पोचली. वेलदोडा नावालाच आहे, बैरूतवाल्यांचा हात आखडता. माझा गुडघा बरा आहे, मांजरीला पुन्हा पिल्लं झाली आहेत, आणि आता बस, कारण पुढची बातमी उभ्याने वाचण्यासारखी नाही.

अबू जलालला बर्फखान्यात आपला दुसरा जनरेटर ठेवायचाय आणि नकूला जागा देत नाही. म्हणून काल त्याने तुझ्या बापाला बजावलं की शनिवारी सहाच्या ठोक्याला बर्फखान्याची लाइन काप. बँडवाले अंधारात एकमेकांची तोंडं बघत बसले की पुन्हा इकडे कोण फिरकतंय, असं तो हुक्का ओढत हसत सांगत होता. सरकारी वीज आली तर आली, नाही तर नाही. गल्ली जगते ती अबू जलालच्या जनरेटरवर, हे तोही ओळखून आहे. तुझा बाप शफीक अठरा वर्षं त्याच्याकडे मेकॅनिक. सगळ्या घरांच्या बटणांची ती कुलूपबंद पेटी बर्फखान्याच्या भिंतीवर, आणि तिची एकुलती एक किल्ली शफीकच्या गळ्यात.

शफीकने मान डोलावली. मी त्याला इतकं बोलले की भेंडीची भाजी गार झाली. पोटच्या पोरीचा दिवा विझवणार का म्हणून विचारलं. तो जेवला, ताट धुतलं आणि गेला. हल्ली तसाही तो बोलतो कमी, ओरडतो जास्त.

पण मीही त्याचीच बहीण आहे. एरवी आमच्या बाल्कन्यांतून दोरीला बांधून टोपली खाली जाते, पाव घेऊन वर येते. टोपलीतून पाव येतो तर वायर का जाणार नाही? प्रत्येक घराला पाच अँपिअर मिळतात. आमच्या समोरासमोरच्या सात घरांनी शब्द दिला आहे की शनिवारी फ्रिज बंद, पंखे बंद, इस्त्री बंद, आणि वीज टोपलीतून बर्फखान्यात. त्याने एक लाइन कापली तर आम्ही सात सोडू. उम् सामीने तर विचारलं की अजून कोणाशी भांडायचं असेल तर आत्ताच सांगा, एकदमच उरकू.

तू फक्त ये. गाणं मागे घेतलंस तर माझ्याशी बोलू नकोस. बाकी आशीर्वाद आहेतच, ते मागायची गरज नाही.
तुझी आत्या,
नजीबा

बैरूत, २१ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.

घरी न येता तशीच व्हॅनमध्ये बसले म्हणून तू रागावली असशील. रागाव. मी जे पाहिलं ते तू पाहिलं नाहीस.

सहाला त्यांनी आमची लाइन कापली. ठीक, तो हुकूम होता, पोटाचा प्रश्न होता. तुमच्या सात टोपल्या खाली आल्या तेव्हा मला रडू आलं. पहिले तिन्ही बँड झकास झाले. आमचं तिसरं गाणं रंगात आलं आणि सगळं गपकन गेलं. मी दाराशी धावले तर बाहेर बाबा शिडीवर, पेटी उघडी, हात आत. म्हणजे तुमच्या टोपल्यांचाही त्यांना पत्ता लागला आणि त्या सातही तोडल्या! आतल्या दीडशे लोकांनी अंधारात टाळ्यांवर ठेका धरला, आमच्या ड्रमवाल्याने तो उचलला, कोणी जागचं हललं नाही. थोड्या वेळाने दिवे आले, कसे ते ठाऊक नाही, आणि आम्ही सगळी गाणी वाजवली. एक जास्तच वाजवलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ, त्याच्या पुढच्याही. पण त्या घराची पायरी मी चढणार नाही. बाबांना सांग, त्यांना लाज वाटत होती, आता मला वाटते.

तुझ्यावरचा लोभ तसाच आहे.
लमीस

अल-मीना, २४ सप्टेंबर

चि. लमीस हिस,
आशीर्वाद देते, पण आधी कान पिळते.

अर्धं बघून पूर्ण रागवायची सवय तुझ्या आईची. आता मुकाट्याने वाच. दिवे तुझ्या बापाने घालवले नाहीत. मी घालवले.

झालं असं. तुमचं पहिलं गाणं चालू असताना अचानक सरकारी वीज आली. महिन्यात पहिल्यांदा, तीही संध्याकाळी! तुला आपली गल्ली माहीत आहे. सरकारी वीज आली की आम्ही विचार करत नाही, आम्ही धावतो. मी बाल्कनीतून उठले, गीझर लावला, कपड्यांचं मशीन लावलं, आणि परत येऊन टाळ्या वाजवू लागले. सातही घरांत तेच. अकरा मिनिटांनी सरकारी वीज गेली, जनरेटरची आली, आणि एवढा भार पाच अँपिअरना कुठला पेलवतोय? सातही बटणं एकाच वेळी पडली. जळलं मेलं ते गरम पाणी!

समोरच्या कॅफेत अबू जलाल मांडीवर थाप मारून हसला. आम्ही बाल्कन्यांत हात चोळत उभ्या. पेटीला कुलूप, किल्ली शफीकच्या गळ्यात. तो कॅफेतून उठला, मालकाच्या डोळ्यांदेखत लोखंडी शिडी उचलली, बर्फखान्याच्या भिंतीला टेकवली आणि चढला. वरून अशा आवाजात ओरडला की बंदरावर ऐकू गेलं असेल. उम् सामी, इस्त्री काढ! नजीबे, तुझा गीझर! मग एकेक बटण वर. अबू जलालने त्याला तीनदा सांगितलं की उतर, नाही तर उद्यापासून येऊ नकोस. शफीकने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सातही बटणं वर झाली तरी तो उतरला नाही. तुमचं शेवटचं गाणं संपेपर्यंत एक हात भिंतीवर ठेवून वरच उभा. पुन्हा कोणी हात लावू नये म्हणून पहारा देतोय, असं आम्हाला वाटलं. मग खाली आला, गळ्यातली किल्ली काढली आणि हुक्क्याशेजारी टेबलावर ठेवली.

सोबत सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा आहे. हा बारा तारखेलाच माझ्या दाराखालून आत आला होता. कोणत्या घराने कशाला वीज द्यायची, काय काय बंद ठेवायचं, सगळं पेन्सिलीने लिहिलंय. अक्षर ओळख. माझ्या नावापुढे काय आहे तेही बघ: ‘नजीबा: बास गिटार. गीझर लावू नये.’ खाली दोन रेघा ओढल्या आहेत. तरी मी लावला. शिव्या द्यायच्या असतील तर मला दे.

आपला कोप एवढ्यावर आवरावा आणि पायरी चढावी.
आत्या

अल-मीना, २५ सप्टेंबर

चि. लमीस हिस,
बापाचा आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही, तरी लिहितो, कारण बोलणं आता जमत नाही. माझा उजवा कान सहा वर्षांपूर्वी गेला, डावा दोन वर्षांपूर्वी. अठरा वर्षं जनरेटरशेजारी उभा होतो. कोणाला सांगितलं नाही, नजीबालाही नाही. मेकॅनिकला इंजिन ऐकू येत नाही असं कळलं असतं तर अबू जलालने दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं असतं. मी तळहात ठेवून इंजिन ओळखतो, ओठ बघून माणसांचं बोलणं. चुकलो नाही कधी.

हिवाळ्यात तू पाठवलेली गाणी मी फोन कानाला लावून, दाताला लावून पाहिली. काही आलं नाही. ईदला तू विचारलंस तेव्हा खोटं बोलवेना, म्हणून भात वाढला. लाज वाटत होती, पण ती माझी मला. तुझी नव्हे.

शनिवारी शिडीवर पाचवं बटण वर केलं आणि पायाखालची पायरी थरथरली. वाटलं, खालून ट्रक गेला. वाकून पाहिलं तर ट्रक नव्हता. भिंतीला हात लावला, ती पण थरथरत होती. मग कळलं, ही तू. अबू जलाल काय ओरडला ते मला ऐकू आलं नाही. आलं असतं तरी उतरलो नसतो.

चौथ्या गाण्यात मध्येच एकदा तुझा ठोका चुकला. पायाला कळलं. पाचवं चांगलं होतं.

कामाची काळजी करू नकोस, बंदरात बोटींची इंजिनं आहेत, ती हातानेच तपासतात. नकूला म्हणतो पुढच्या महिन्यात तुम्ही परत येताय. त्याला सांग, माझ्यासाठी खुर्ची नको. शिडी ठेव.

तुझा,
बाबा