पलंगाची उंची

४ मार्च, मंगळवार

पोस्टमन घरी गेला! पुरुषांच्या वॉर्डातला. अर्धांगाचा झटका त्याला आणि माझ्या बायकोला एकाच दिवशी आला. त्याचा हात तर हिच्याहून जड. पण त्याची बायको आली, डॉक्टरीणबाईंनी तिला काही विचारलंच नाही. कागद पुढे केला, झालं.

मला मात्र विचारलं, "घरी बाई कोण आहे?"

म्हटलं, "बाई ही एकच."

"मग हिचं करणार कोण?"

"मी."

डॉक्टरीणबाई गंभीरच. सिस्टर मात्र फिसकन हसली. हिच्यासाठी शुश्रूषा केंद्रात सोमवारपासून खाट राखून ठेवली आहे. शनिवारपर्यंत मी सगळं शिकून दाखवलं आणि घर पसंत पडलं, तर ही घरी. नाहीतर तिकडे — किती महिने, देव जाणे.

हिला विचारलं, घरी यायचं ना? भिंतीकडे बघत राहिली. दमली असेल.

५ मार्च, बुधवार

उठवताना हात ओढायचा नाही, कमरेला धरायचं. पाणी चमच्याने, हनुवटी खाली. अंग पुसताना आधी जड बाजू. एवढं जमलं. वेणी नाही जमली. पंचवीस वर्षं रोज बघतोय, पण बघणं वेगळं!

सिस्टर म्हणाली, "दादा, ही वेणी की दोरखंड?"

समोरच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "अहो सुतार, खिळा तेवढा मारू नका!"

अख्खा वॉर्ड हसला. मीही.

संध्याकाळी मेव्हणी आली. "भाऊजी, हे पुरुषाच्याने व्हायचं नाही. चार दिवसांत हात टेकाल." मुलगा बोटीवर, आणखी पाच महिने यायचा नाही. त्यानेही फोनवर तेच विचारलं — "झेपेल का बाबा?"

सकाळी हात जोडले तेव्हा देवाकडे काही मागितलं नाही. मी तयार आहे, एवढंच सांगितलं.

६ मार्च, गुरुवार

पलंगाचे पाय सहा इंच कापले. आता पडली तरी लागायचं नाही. काम झकास झालं.

७ मार्च, शुक्रवार

फजिती!

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई घर बघायला आल्या. न्हाणीघरात हिला धरायला मी बसवलेला दांडा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, खूश झाल्या. मग पलंग पाहिला. म्हणाल्या, "बसा यावर. एक पाय उचला. आता उठा."

तीनदा आपटलो.

"दादा, पलंग पडण्यासाठी करायचा की उठण्यासाठी?"

तीस वर्षं रंधा हाणतोय. हिच्या पडण्याची भीती डोक्यात बसली आणि हिला रोज उठायचंही आहे, हेच विसरलो. "उंची त्यांच्या गुडघ्याएवढी हवी, चिमूटभर जास्त चालेल. उद्या दहापर्यंत," म्हणाल्या.

गावातल्या निम्म्या खिडक्यांची मापं मला तोंडपाठ. हिचं माप कधी घेतलं नव्हतं! तडक दवाखाना गाठला. कानाला पेन्सिल तशीच. टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप धरला — सव्वासोळा इंच.

हिचं अर्धं तोंड हसलं. एकेक शब्द शोधत म्हणाली, "कपाट... करताय... माझं?"

झटक्यानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य! आणि तेही टोमणा! टेप तिथेच टाकून सिस्टरला बोलवायला धावलो.

८ मार्च, शनिवार

सागाचे चार ठोकळे. वरून खाच, पाय बरोबर आत बसतात. व्यायामाच्या बाई एका पायावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. "आता बोला!" म्हणाल्या — म्हणजे घर पास.

दुपारी डॉक्टरीणबाईंसमोर परीक्षा. हिला खाटेवरून खुर्चीत घेतलं, परत खाटेवर. हात ओढला नाही. चमच्याने पाणी पाजलं. शेवटी वेणी दाखवली. कुणी मागितली नव्हती.

सही झाली! सोमवारी घरी.

निघताना सिस्टर म्हणाली, "दादा, बुधवारी जरा येऊन जाल? सात नंबरच्या बाईंचा नवरा म्हणतोय, मला हे जमायचं नाही."

जाईन की. वेणीपासून सुरू करीन.

१० मार्च, सोमवार

घरी! पलंग खिडकीशी नेला, हिला रस्ता दिसावा म्हणून. तिथली फरशी खालीवर, एक पाय किंचित डुगतो. हिने बोट दाखवलं. "सुताराचं... घर!"

मेव्हणी भाजी घेऊन आली. वेणी बघून काही बोलली नाही. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ.

११ मार्च, मंगळवार

दवाखान्याने परत दिलेले कागद लावत होतो. त्यात शुश्रूषा केंद्राचा अर्ज निघाला. खाली सही — वेडीवाकडी, डाव्या हाताची. हिची. तारीख ३ मार्च.

हिच्यापुढे धरला. हिने सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तुम्हाला... कशाला... त्रास."

हिनेच अर्ज घेतला, मांडीवर ठेवून एका हाताने चार घड्या घातल्या आणि पलंगाच्या डुगणाऱ्या पायाकडे बघितलं.

मी सरकवला खाली. आता डुगत नाही.